ग्रेनाडात चहा किती वाजता?

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. शाळेची, लाकडी चौकटीची, खडूने लिहायची. संध्याकाळी पाहुण्यांची जेवणाची चौकशी झाली की बायको प्रत्येक खोलीपुढे जाऊन दोनच प्रश्न विचारते: सकाळी चहा किती वाजता आणि कसा? मग पाटीवर लिहिते. एक नंबर, सहा, बिनसाखर. तीन नंबर, साडेसहा, एक कॉफी. आम्ही नागावात पाहुणे ठेवायला लागलो त्याला अठरा वर्षं झाली, आणि या अठरा वर्षांत ती पाटी एक दिवसही कोरी राहिलेली नाही. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असल्या, तरी कोणीतरी एखादं जोडपं भिजत येतंच.

आमची वाडी म्हणजे नारळी-पोफळींची दीड बिघा जागा, मागे विहीर, विहिरीपलीकडे एक जायफळाचं झाड आणि पुढे मी बांधलेल्या चार खोल्या. वडिलोपार्जित यातलं काहीच नाही. मी समुद्रावर शहाळी विकायचो. दुसऱ्याच्या वाडीतली शहाळी, दुसऱ्याची हातगाडी, कोयता तेवढा माझा. पुढे एक वाडी खंडाने घेतली, मग ही विकत घेतली. घेताना मालकाशी सात महिने घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, "घे बाबा, पण आता माझ्या दारात येऊ नकोस."

बायको मात्र शिकलेल्या घरातली. सासरे मास्तर. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याशी झालं. तो माझा साडू. आमच्या साखरपुड्याला याच साडूने मांडवात, जेवणाची पंगत बसलेली असताना, सासऱ्यांना विचारलं होतं, "मास्तर, धाकटी शहाळेवाल्याला देताय?" सगळे हसले. मीच नवरामुलगा आणि मीच त्या पंगतीत वाढत होतो. माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं होतं, आणि ते मी त्याच्या डोक्यावर ओतलं नाही, याचं श्रेय माझ्या बायकोला आहे. ती आतल्या खोलीच्या दारातून माझ्याकडे बघत होती.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. साडू दर मे महिन्यात सहकुटुंब आमच्याकडे येतो, आंबे खातो, फुकट राहतो आणि मला अजून "काय शहाळेशेठ" अशीच हाक मारतो. दुबई, सिंगापूर, थायलंड, युरोप असं सगळं बघून झालंय त्याचं. मोबाइलवर फोटो दाखवतो. गेल्या मे महिन्यात पडवीत बसून फोटो दाखवता दाखवता म्हणाला, "तुम्हाला काय कळणार सुट्टी? तुमच्या तर घरासमोरच समुद्र." हा हिशेब मी मिटवलेला नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात याचा मोठा हात आहे.

जूनच्या एका दुपारी पाहुणे जेवून झोपले होते. बायको मागच्या दारात पाय पसरून मोबाइल बघत बसली होती. तिने मला हाक मारली.

"अहो, हे बघा. जायफळ."

पडद्यावर एक बाई आमच्यासारख्याच जायफळाच्या झाडाखाली बसून बिया सोलत होती. मागे माड, पलीकडे समुद्र. मी म्हटलं, "कुठलं? दापोली?"

"ग्रेनाडा. वेस्ट इंडीजमधला देश आहे. एवढासा. त्यांच्या झेंड्यावर जायफळ आहे."

"झेंड्यावर?"

"हो. आपण ज्याचा मुरंबा करायला कंटाळतो, ते त्यांच्या झेंड्यावर." मग ती एकदम म्हणाली, "मला इथे जायचंय."

मी हसलो. मी म्हटलं, "अगं, एवढं लांब जाऊन बघायचं काय? माड इथे आहेत, समुद्र इथे आहे, जायफळसुद्धा इथे आहे."

"सगळं आहे," ती म्हणाली. "फक्त तिथे सकाळचा चहा मी करणार नाही. कोणीतरी मला आणून देईल आणि मी उठून बसून पिईन."

अठरा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणजे मिक्सर मागितला, गॅसची मोठी शेगडी मागितली, पण ते सगळं पाहुण्यांसाठी. हे पहिलं तिचं स्वतःचं. मी लगेच "बघू" म्हणालो आणि उठून विहिरीकडे गेलो, कारण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी चमकलं होतं. साडू सगळं जग फिरलाय, पण वेस्ट इंडीजला गेलेला नाही! क्रिकेटचा एवढा वेडा माणूस, तरी गेलेला नाही. विहिरीच्या काठावर उभं राहून मी ठरवलं, की जायचंच.

खरं सांगायचं तर त्या दिवशी बायकोचा चहा आणि माझा साडू हे दोन्ही माझ्या मनात एकाच खुंटीला टांगले गेले, आणि वरचेवर हाताला लागला तो साडूच.

दुसऱ्या दिवशी अलिबागला एका टूरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "वेस्ट इंडीजला कोण जातं काका? मॉरिशस घ्या. सेम टू सेम." मी म्हटलं, मला सेम नकोय. तो म्हणाला, "मग दुबई घ्या, काकू खूश होतील." मी उठलो, त्याला चार शब्द ऐकवले, रस्त्यावर आलो, गाडीला किक मारली आणि मग हेल्मेट घ्यायला परत आत जावं लागलं. त्याने ते हसत हसत हातात दिलं. त्यामुळे जास्त राग आला.

मग मी स्वतःच कामाला लागलो. आमची मुलगी नवी मुंबईत नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, डायरेक्ट काही नाही, दोन फ्लाइट चेंज आहेत, मधल्या एअरपोर्टचा व्हिसा लागेल. ते मी बघते. पण राहायचं तुम्हीच ठरवा, नाहीतर नंतर मला बोल लावाल." तिने मला समुद्राजवळच्या तीन-चार घरांचे फोन नंबर पाठवले. मी ठरवलं, की आधी खोली, मग विमान. खोलीवाल्याशी बोलता येतं. विमानवाल्याशी कोण भांडणार?

त्यातलं एक घर मला पाहताक्षणी पटलं. खालच्या मजल्यावर मालकीण, वरती दोन खोल्या, मागे परसात जायफळ. तिची पाटीसुद्धा आमच्यासारखीच, हाताने रंगवलेली. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ. संध्याकाळचा चहा उरकून मी पडवीत बसलो आणि व्हिडिओवर फोन लावला.

पासष्टीची, जाडजूड, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली बाई. मागे कोंबडा ओरडत होता. माझं इंग्रजी पाहुण्यांकडून शिकलेलं, पण भाव करण्यापुरतं ते मला उत्तम येतं. तिचं इंग्रजी गाण्यासारखं, निम्मं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. इथे सगळं मराठीतच लिहितो.

"कधी यायचंय?" तिने विचारलं.

हे मी आधीच पक्कं केलं होतं. आमच्या धंद्यात मोकळे दिवस शोधणं सोपं नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत खोल्या भरलेल्या. मग परीक्षा संपल्या की मे महिना. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तो निवतो, होड्या पाण्यात जातात. मग गणपती. कोकणातला माणूस गणपतीत घर सोडून गेला तर त्याला पुढे आयुष्यभर ऐकावं लागतं. गणपतीनंतर येतो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कोणी मौजेला बाहेर पडत नाही, आमच्या खोल्या जवळजवळ ओस असतात. समुद्र निवलेला आणि धंदा मंद. यापेक्षा चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता. मी तिला सप्टेंबरमधल्या त्या पंधरवड्याच्या तारखा दिल्या.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "सप्टेंबर? हो, खोली रिकामी आहे."

"दर?"

तिने दर सांगितला. सकाळचा चहा, न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरून.

आता माझी एक पद्धत आहे. समोरच्याने दर सांगितला की मी नाही म्हणत नाही, जास्त आहे असंही म्हणत नाही. मी गप्प बसतो. माणसाला शांतता सहन होत नाही. पाच-सात सेकंदांत तो स्वतःच म्हणतो, "बरं, तुमच्यासाठी थोडं कमी करू." यावर मी वाडी घेतली आहे, कौलं घेतली आहेत, विहिरीचा पंप घेतला आहे.

मी गप्प बसलो.

तीही गप्प बसली.

मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे बघतेय. तिकडे कोंबडा ओरडला. इकडे माडावर कावळे परतत होते. एक मिनिट गेलं असेल. तिने खालून एक वाटी घेतली आणि वाटाणे सोलायला सुरुवात केली. आतून बायको डोकावली.

"फोन बंद पडला का?"

"बोलणं चाललंय," मी म्हटलं.

"कुठे? दोघांचीही तोंडं मिटलेली आहेत."

ते ऐकून पलीकडची बाई हसली. तिला मराठी कुठून कळणार, पण बायकोचा सूर कळला असावा. "तुमचाही हाच धंदा का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मग आपल्याला बराच वेळ लागेल," ती म्हणाली, आणि परत वाटाणे सोलायला लागली.

तीन संध्याकाळी हे चाललं. मी सांगितलं, दहा दिवस राहणार. ती म्हणाली, दहा दिवस चादरी धुणार. मी सांगितलं, आम्ही दोघंच, वयस्कर, आवाज नाही. ती म्हणाली, वयस्कर माणसं दर तासाला गरम पाणी मागतात. एवढी कणखर बाई मला आयुष्यात भेटली नव्हती. मला मजा यायला लागली होती. पाहुण्यांना जेवायला बसवलं की माझं लक्ष घड्याळाकडे.

तिसऱ्या संध्याकाळी मी शेवटचं अस्त्र काढलं, तेच, जे माझ्यावर दर सीझनला कोणीतरी काढतं. मी म्हटलं, "न्याहारी नको, जेवण नको. चहासुद्धा नको. स्वयंपाकघर वापरायला द्या, आम्ही आमचं करून खाऊ."

लगेच दर पडला. चांगला निम्म्यावर आला. मी टेबलावर हात आपटला आणि "डन" म्हणालो. तीसुद्धा "डन" म्हणाली.

मी आत गेलो. बायको भाकरी थापत होती. मी तिला सगळी लढाई सांगितली: गप्प बसणं, वाटाणे, चादरी आणि शेवटचा डाव. ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी फुगली, तिने ती काढली, आणि हात धुऊन स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं सामान काढायला लागली.

"काय करतेस?"

"लाटणं काढते. पोळपाट त्यांच्याकडे नसेल ना? लहान पोळपाट नेऊ. मसाल्याचा डबा तर न्यावाच लागेल."

"ने की," मी म्हणालो. मी अजून खुशीत होतो.

"किसणी नेते. नारळ तिथे आहेत म्हणा, पण त्यांची किसणी कशी असेल कोण जाणे. दोघांपुरतीच डाळ भिजवायची, म्हणजे कमीच काम. चहापत्ती किती लागेल दहा दिवसांना?" ती स्टुलावरून खाली उतरली. चेहऱ्यावर राग नव्हता. "सकाळी तुम्हाला किती वाजता देऊ चहा तिथे? इथल्यासारखाच साडेपाचला?"

तेव्हा मला कळलं.

आणि मला आधी तिचाच राग आला. माझा स्वभावच तसा आहे. मी म्हटलं, "एवढं विमानाने नेतोय, त्याचं काही नाही, एका चहासाठी..." असं काहीतरी बोललो. तिने लाटणं पुसून टेबलावर ठेवलं. मी चपला घालून समुद्रावर निघून गेलो.

पाऊस थांबला होता. ओल्या वाळूत मी बराच चाललो. आमच्याकडे दर सीझनला अशी एक-दोन कुटुंबं येतात: "किचन द्या, आम्ही आमचं करून खाऊ." मी त्यांना मागची शेगडी देतो. पुरुष समुद्रावर जातात, पोरं वाळूत लोळतात आणि बाई कुकरची शिट्टी मोजत बसते. निघताना ती जशी दमून आलेली असते तशीच दमून गाडीत बसते. मी हे अठरा वर्षं बघत आलोय. बायको तर मला दर वेळी म्हणते, "बिचारीला मी निदान एक कप चहा देते." आणि मी अर्ध्या जगापलीकडे जाऊन, तीन संध्याकाळी घसा कोरडा करून, माझ्या बायकोला तीच मागची शेगडी मिळवून दिली होती. वर टेबल आपटून "डन" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता परत फोन लावला. बायकोला सांगितलं नाही.

"चूक झाली," मी मालकिणीला म्हटलं. "पहिलाच दर राहू दे. चहा, न्याहारी, जेवण, सगळं. बायकोने तिथे काहीही करायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच मी खाली आलेला दर स्वतःहून वर नेला. मालकीण हसलीच नाही. ती खुर्चीत नीट बसली.

"मग आता मलाही खरं सांगितलं पाहिजे," ती म्हणाली. "सप्टेंबरात येऊ नका. ते वादळांचे दिवस. खोल्या रिकाम्या का, दर इतका खाली का आला, तुम्हाला काय वाटलं? तुम्ही फार चांगले बोलता म्हणून?"

"वादळं?" मी म्हटलं. "पण नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो."

"कशानंतर?"

मी तिला समजावून सांगितलं. आम्ही समुद्राला नारळ देतो, मग तो निवतो, होड्या पाण्यात जातात. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण इथल्या समुद्राला हे कोणी कळवलेलं नाही."

माझा पारा चढला. "मग तीन दिवस का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही फक्त दर विचारत होतात."

माझ्याकडे उत्तर होतं. जिभेवर आलं होतं. पण ते बाहेर पडलं नाही, कारण जुलैत पुण्याहून कोणी फोन केला की मीही हेच करतो. खोल्या निम्म्या दराने देतो. समुद्रात जाता येईल का असं त्यांनी विचारलं तर खरं सांगतो, की नाही, बंद आहे. नाही विचारलं तर नाही सांगत. ते येतात, छत्री धरून समुद्राकडे बघतात आणि भजी खाऊन जातात. मला हसू आलं. मी हसतोय बघून ती हसली, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

"फेब्रुवारीत या," ती म्हणाली. "आकाश कोरडं असतं आणि समुद्र काचेसारखा. पण फेब्रुवारीचा दर हा दर आहे. त्यावर गप्प बसायचं नाही."

फेब्रुवारी म्हणजे आमचा भर सीझन. शनिवार-रविवार तर खोलीत उभं राहायला जागा नसते. अठरा वर्षांत एकाही फेब्रुवारीत मी घराला कुलूप लावलेलं नाही. सासरे थोरल्या मुलीकडे वारले तेव्हा बायको एकटी ठाण्याला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली, कारण चारही खोल्या भरल्या होत्या. ते मला त्या क्षणी आठवलं. कॅलेंडर भिंतीवर होतं. पुढच्या वर्षाचं अजून निघालं नव्हतं, म्हणून मी उठून याच वर्षाचं फेब्रुवारीचं पान काढलं आणि दहा चौकटींवर पेनाने आडवी रेघ मारली. मग कॅलेंडर टेबलावर ठेवलं.

बायको विहिरीवरून आली तेव्हा कॅलेंडर टेबलावर पडलेलं होतं. तिने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय?"

"घर बंद. आपण फेब्रुवारीत चाललोय. चहा, न्याहारी, जेवण, सगळं तिचं."

"सीझनमध्ये?"

"सीझनमध्ये."

तिने कॅलेंडर उचललं, रेघेवरून बोट फिरवलं आणि परत खिळ्याला टांगलं. मग आत जाऊन लाटणं, पोळपाट आणि किसणी वरच्या फळीवर ठेवून आली.

आता साडूचं सांगतो. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काय शहाळेशेठ! फेब्रुवारीत आमचा ऑफिसातला जुना ग्रुप आणतोय. चारही खोल्या ठेव. दर आपला घरचा लाव."

सत्तावीस वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो. पण घाई केली नाही. सावकाश म्हणालो, "फेब्रुवारीत बंद आहे."

"बंद? का रे, कोणी आजारी आहे?"

"नाही. आम्ही वेस्ट इंडीजला चाललोय."

पलीकडे शांतता. माझीच पद्धत माझ्यावर, असं मला आधी वाटलं. पण ती तशी नव्हती.

"कुठे? कोणत्या बेटावर?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"ग्रेनाडा."

"तिथे मैदान आहे," तो म्हणाला. "डोंगर दिसतो मैदानातून. मी टीव्हीवर बघितलंय." आणि मग तो बोलतच सुटला. लहानपणी रेडिओला कान लावून बसायचा, आवाज मध्येच समुद्रासारखा यायचा-जायचा. वडील दामटून झोपवायचे तर हा पांघरुणात रेडिओ घेऊन बसायचा. त्या बेटांची नावं त्याला शाळेतल्या जिल्ह्यांच्या नावांच्या आधी पाठ झाली होती. "मला काही जमलं नाही रे," तो म्हणाला. "आमच्या टूरवाल्यांच्या यादीत ती बेटं नसतातच. आणि एकट्याने जायची हिंमत झाली नाही."

मी माझं वाक्य तयार ठेवलं होतं, आणि ते बोललो. "शहाळेवाल्याला जमलं."

"हो रे," तो म्हणाला. "तुला जमलं."

टोमणा मारावा आणि समोरच्याने तो फूल समजून घ्यावा, यासारखा तोटा नाही. माझी सगळी मजा गेली. मांडवातलं ते बोलणं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण आता ते आठवलं की त्याच्या मागे पांघरुणातला रेडिओ ऐकू येतो, आणि राग पूर्वीसारखा नीट पेटत नाही.

"मैदानातला एक खडा आणशील?" त्याने विचारलं.

"बघू."

"आणि दहा दिवस वाडीला पाणी कोण देणार?"

त्याचा मी विचारच केला नव्हता. फेब्रुवारीत पोफळींना शिंपण चुकलं तर झाडं मान टाकतात. "तुम्ही या," मी म्हटलं. "ग्रुप नको, तुम्ही दोघंच. राहायला फुकट. पण दोन वेळा पंप लावायचा, पाट बदलायचे आणि सकाळी खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचायच्या."

"येतो," तो म्हणाला. लगेच. आपलं नेहमीचं पाठदुखीचं काढलं नाही, सुपाऱ्यांचं काही म्हणाला नाही. मी तीन वेळा विचारलं, "नक्की?" घासाघीस न करता मिळालेली गोष्ट मला पचत नाही. अजूनही मला वाटतं, त्याच्या मनात काहीतरी आहे. निदान दोन खडे मागेल.

गेल्या आठवड्यात मालकिणीचा फोन आला. या वेळी तिनेच केला. मी पडवीत होतो, तर म्हणाली, "तुम्ही नको. बाईंना बोलवा."

बायको पदराला हात पुसत आली. तिला इंग्रजी कळतं, बोलताना ती जरा अडते. मालकिणीने वही-पेन्सिल हातात घेतली होती.

"फक्त दोन प्रश्न," ती म्हणाली. "सकाळी चहा किती वाजता? आणि कसा?"

बायको उभीच राहिली. पाठीमागे दाराला पाटी टांगलेली होती, तिच्यावर तिच्याच अक्षरात, एक नंबर सहा, दोन नंबर पावणेसात, दोन कमी साखर. मला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून मी मराठीत सांगितला. तिने मला हाताने गप्प केलं. तिला प्रश्न कळला होता. उत्तर माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पाणी आणि उरलेली पावडर उकळून जमेल तेव्हा उभ्या उभ्या प्यायलं, की तिचा चहा झाला. मी तिच्या जागी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मलाही माहीत नव्हतं.

"साडेआठ," शेवटी ती म्हणाली. मग घाबरून माझ्याकडे बघितलं, फार उशीर तर नाही झाला? मग परत फोनकडे वळून ठामपणे म्हणाली, "साडेआठ. आलं घालून. दूध वेगळं नको, उकळून."

"आलं भरपूर आहे," मालकीण लिहीत म्हणाली. "वरून थोडं जायफळ किसू?"

"किसा," बायको म्हणाली.

माझ्या तोंडून निघणारच होतं, की दुसरा कप दरात धरलाय का? बायकोने फोन न हलवता पायाने माझा पाय दाबला. मी काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ती पाटीवर खोल्यांचं लिहून झाल्यावर थांबली आणि अगदी तळाला आणखी एक ओळ लिहिली: आम्ही, साडेआठ, आलं, जायफळ. रोज दुपारी ती पाटी पुसते, पण खालची ओळ सोडून.

परवा दोन नंबरच्या खोलीतले काका पाटी वाचत उभे होते. म्हणाले, "आम्हाला तुम्ही सातच्या पुढे चहा देत नाही. ही साडेआठची कुठली खोली? आम्हाला तीच द्या."

मी काही बोलायच्या आत बायको आतून म्हणाली, "ती रिकामी नाही हो."